तेल कोणत्या वाराचं?

खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगार किती तेही विचारलं नाही. बंडी-लुंगीवर ओट्यावर बसून ते सुपात जवस निवडत होते. मान वर करून म्हणाले, "पोट काय म्हणते?"

मला वाटलं, जेवलास का असं विचारताहेत. म्हटलं, "जेवून आलो सर."

"जेवण कोण विचारलं बे? पोट विचारून राह्यलो मी. सकाळी साफ होते काय?"

समोरच्या नळावर दोन बाया पाणी भरत होत्या. अशा ठिकाणी माणूस काय उत्तर देणार? मी हळूच "होते" म्हणालो.

"खोटं बोलून राह्यला," सर म्हणाले. "जिभेवर थर आहे पांढरा, मले इथून दिसते. खोली घे. पोट मंग पाहू."

अशी मला बुलढाण्यात वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. मी कोर्टात कारकून होतो, गाव उंद्री. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. सगळा गाव त्यांना सर म्हणायचा, आणि पाठीमागे काय म्हणायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोटाचाच काहीतरी शब्द होता.

माझ्या खोलीच्या एका भिंतीला ओल होती. पावसाळा सरला तरी ती सुकायची नाही, पोपडे निघायचे, कपडे टांगले की डाग पडायचे. मी तक्रार केली. सर वर आले, भिंतीवरून हात फिरवला आणि खूश होऊन म्हणाले, "वा. चांगली पाझरून राह्यली."

"दुरुस्त करा ना सर."

"दुरुस्त केली तर शिकवू कायच्यावर?"

मग त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि शिकवलं. आपलं आतडं म्हणजे भाड्यानं दिलेली चाळ. त्यात कोट्यवधी बारीक जीव राहतात, ते भाडेकरू. काही सज्जन, काही गुंड. आपण काय खातो, त्यातही तेल-तूप कोणतं आणि किती खातो, त्यावर चाळीत कोणाचं राज्य चालणार ते ठरतं. जवस, तीळ, ज्वारीची भाकर, पालेभाजी हा सज्जनांचा खुराक. रोज तळलेलं, वनस्पती तूप, चार-चार वेळा उकळलेलं तेल मिळालं की गुंड माजतात. ते भिंत पोखरतात. मग आतलं बाहेर पाझरायला लागतं आणि अंग त्याच्याशी भांडायला उठतं. "ही जी ओल दिसून राह्यली ना तुले," सर पोपड्यावर बोट ठेवून म्हणाले, "यालेच डॉक्टर सूज म्हणते."

"म्हणजे तेल खायचंच नाही?"

"कोण म्हणलं? तेलाबिगर का जगते माणूस? तेल वाईट नाही. शिळं तेल वाईट, आन लय तेल वाईट. येवढंच तर सांगून राह्यलो तीस वर्षं. कोणाच्या डोक्यात शिरत नाही."

माझ्या तर मुळीच शिरत नव्हतं. आम्ही उंद्रीची माणसं. आमच्याकडे तेल चमच्यानं नाही, पळीनं मोजतात. रश्श्यावर बोटभर लाल तर्री तरंगली नाही तर पाहुणा हात धुता धुता म्हणतो, "तेल संपलं होतं वाटते घरचं." तर्री म्हणजे यजमानाची इज्जत. ज्याचा मान मोठा त्याला पळी वरून फिरवून तर्री वाढायची, आणि ज्याला कोणी विचारत नाही त्याला पातेल्याच्या खालून वाढायचं. खालून वाढलं म्हणून आमच्या एका मामानं सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. आणि माझं नशीब असं, की सगळ्या वऱ्हाडात मला नेमका असा घरमालक मिळाला ज्याच्या खिशात तर्री काढायचा चमचा होता.

हो, चमचा. छोटा, खोलगट, सरांनी स्वतः पक्कडीनं मान वाकवून घेतलेला. एका खिशात तो आणि दुसऱ्या खिशात जवसाच्या चटणीची डबी. त्या डबीमुळे त्यांच्या झाडून सगळ्या सदऱ्यांच्या खिशांवर तेलाचा गोल डाग होता. लग्नाच्या पंगतीत बसले की पहिलं काम म्हणजे रश्श्यावरची तर्री काढून रिकाम्या वाटीत टाकणं. स्वतःची काढली तर कोणी काही म्हणालं नसतं. पण सर शेजाऱ्याचीही काढायचे. अनोळखी माणसाची. तो बिचारा भाकरी कुस्करत असायचा, आणि बाजूनं एक हात येऊन त्याच्या वाटीतली सगळी मजा उचलून न्यायचा. वर ती वाटी त्याच्या नाकासमोर धरून सर म्हणायचे, "हे पाय. येवढं तुह्या पोटात जाऊन राह्यलं होतं."

माणसं ताटावरून उठायचीच बाकी असायची.

कोर्टाजवळ एक भजेवाला होता. संध्याकाळी सुटलो की मी त्याच्याकडे उभा. एकदा सर तिथून चालले होते, मला पाहिलं आणि थांबले. कढईवर वाकून वास घेतला, आणि शांतपणे भजेवाल्याला विचारलं, "काऊन रे बापू, तेल कोणत्या वाराचं?"

भजेवाला म्हणाला, "आजचंच, सर."

"वार विचारला मी. रंगावरून तर सोमवारचं वाटून राह्यलं."

तो शुक्रवार होता. गिऱ्हाइकं हसली, भजेवाल्यानं झारा आपटला. माझ्या हातातला कागद गार झाला. त्या दिवसापासून मी भजे घ्यायला गेलो की तो स्वतःच म्हणायचा, "आजच्याच वाराचं आहे, घ्या." खाताना मजाच गेली. मी ते बंद केले. महिनाभरात माझी जळजळ कमी झाली हे खरं, पण ते भजे सोडल्यामुळे की खाली काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, हातच्या भाकरीमुळे, देव जाणे. सरांना मी ते कबूल केलं नाही. त्यांनी गावभर सांगितलं असतं.

"तेल कोणत्या वाराचं?" हा प्रश्न सर कुठंही विचारायचे. हॉटेलात, बारशाला, साहेबाच्या बदलीच्या पार्टीत. काकू कपाळावर हात मारायच्या. काकूंची जीभ कैचीसारखी. "या माणसाले देवानं तोंड खायाले देलं होतं," त्या म्हणायच्या, "हा त्यानं पंचनामे करून राह्यला."

पण त्याच काकूंनी एकदा जिन्यात बसून मला खरं काय ते सांगितलं. सरांच्या मोठ्या आतड्याला जुनी सूज होती. मुलगी लहान होती तेव्हा ते इतके आजारी पडले की काकूंनी आशा सोडली होती. रक्त जायचं, अंगात उभं राहायचं बळ नव्हतं. दवाखान्याची औषधं लागू पडली आणि सर उठले, पण तळलेलं किंवा तेलकट थोडं जास्त झालं की अजूनही आठवडाभर आडवे व्हायचे. "तवापासून हे वेड लागलं," काकू म्हणाल्या. "आपल्याले झालं ते दुसऱ्याले होऊ नये वाटते. सांगायची रीत मात्र नाही त्यायले." मग पदर झटकून उठल्या, "सांगजो नको कोणाले. त्यायले आवडत नाही कोणी कीव केलेली."

त्यानंतर पंगतीत सरांनी माझ्या वाटीतली तर्री काढली तरी मला राग येईना. वाईट मात्र वाटायचं. तर्रीचंच.

सरांना एकच मुलगी, शाळेत विज्ञान शिकवायची. बापाची लाडकी आणि बापासारखीच हट्टी, फक्त बोलायची कमी. तिची दोन स्थळं सरांच्या पोटविद्येनं गेली. पहिल्या ठिकाणी सरांनी मुलाच्या काकाच्या वाटीतली तर्री काढली. काका पंचायतीत वजनदार माणूस, ताटावरून उठला तो परत बसलाच नाही. दुसऱ्या ठिकाणी मुलगा आमच्याकडे आला होता, चांगला शिकलेला, चष्म्याचा. सगळं जुळत आलं, चहा झाला, आणि सरांनी मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "सकाळी पोट साफ होते काय?" तो लाल झाला. निरोप दुसऱ्या दिवशी आला, आणि निरोपात पत्रिका जमत नाही असं होतं.

त्या दोन्ही वेळा मुलगी हसली होती. तिला ती स्थळं नकोच होती. पण तिसरं वेगळं होतं. मुलगा तिच्याच शाळेत गणित शिकवायचा, आणि दोघांचं आपसात ठरलेलं होतं. घरचं मात्र ठरायचं होतं. मुलाचं घर पिंपळगाव राजाचं, शेतीवाडीचं, एकत्र कुटुंब. वांगी-मिरचीचा मोठा बागायतदार बाप, पण घरात शब्द चालायचा मुलाच्या मोठ्या आईचा. मोठी आई म्हणजे बापाच्या थोरल्या भावाची बायको. तिच्या हातच्या पाटवडीच्या रश्श्याचं आसपासच्या गावांत नाव. ती हो म्हणाली तर लग्न, नाही म्हणाली तर मुलगा घराबाहेर पडणार नव्हता. हे त्यानं मुलीला आधीच सांगितलेलं.

"बाबा," जायच्या आदल्या दिवशी मुलगी म्हणाली, "दोन वेळा तुम्ही बोलले, मी काही म्हटलं नाही. या वेळी नका बोलू." एवढंच बोलली आणि तिचे डोळे भरले. सरांनी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "तोंडातून ब्र नाही काढणार."

सकाळी माझी जुनी गाडी दारात उभी केली. सरांना गाडी येत नव्हती, म्हणून चालक मी. काकूंनी परीक्षेला बसणाऱ्या पोराचे तपासावेत तसे सरांचे खिसे तपासले. चमचा निघाला. डबी निघाली. दुसरा एक चमचा मोज्यातून निघाला. काकूंनी सगळं मुलीच्या हातात दिलं, "ठेव घरात." मुलगी आत गेली, कुलूप घालून आली आणि आम्ही निघालो. काकूंनी मला सक्त ताकीद दिली होती की तिथं सरांच्या बाजूला बसायचं, आणि त्यांनी तोंड उघडलं की खोकायचं.

त्या घरी स्वागत दणक्यात झालं. मुलाचा बाप साधा, हसरा. मुलगा कोपऱ्यात अवघडून बसलेला. आणि मोठी आई, उंच, काष्ट्याचं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आमच्याकडे पाहून म्हणाली, "या पाव्हणे, बसा." आवाजात जरब अशी की मीही लगेच बसलो.

आधी भजे आले. ताट समोर ठेवताच सरांच्या नाकपुड्या हलल्या. मला कळलं, काकूंना कळलं, मुलीला कळलं. मी खोकलो. सरांनी एक भजा उचलला, माझ्याकडे केविलवाणं पाहिलं आणि खाल्ला.

मग जेवण. पाटवडीचा रस्सा आला, आणि काय सांगू त्याचं रूप. उंद्रीतही मी तशी तर्री पाहिली नाही. लालभडक, जाड, हलली की चमकायची. मोठी आई स्वतः वाढायला उठली. पळी वरून फिरवून सरांच्या वाटीत नुसती तर्रीच ओतली. "पाव्हणे पयल्यांदा आले, खालून कसं वाढू?"

सरांचा उजवा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. हात परत आला. त्यांनी वाटी उचलली, डोळे मिटले आणि पिऊन टाकली.

"आवडला वाटते," मोठी आई खूश झाली आणि परत भरली. सर म्हणाले, "उत्तम." दुसरी वाटीही संपवली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. काकूंनी जिन्यात सांगितलेलं मला आठवत होतं आणि मी काही करू शकत नव्हतो. खोकायची सोय फक्त बोलणं थांबवण्यासाठी होती. पिणं थांबवायला काय करायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं. काकूंनी हातातला घास तसाच धरून ठेवला होता. मुलगी बापाकडे टक लावून पाहत होती.

मोठी आई तिसऱ्यांदा पळी घेऊन आली. वाटी भरली. सरांनी डाव्या हातानं पोट दाबलं आणि उजवा पुढे केला.

तेव्हा मुलगी जागेवरून उठली. पर्समधून तिनं चमचा काढला, तोच, वाकड्या मानेचा. बापाजवळ येऊन बसली, वाटी आपल्याकडे ओढली आणि भर पंगतीत, मोठ्या आईच्या डोळ्यांसमोर, तर्री काढायला लागली. एक चमचा, दुसरा, तिसरा. सगळी रिकाम्या वाटीत. मग पर्समधून डबी काढून बापाच्या ताटात चटणी वाढली. आणि मान वर करून अगदी बापाच्याच सुरात विचारलं, "मोठी आई, तेल कोणत्या वाराचं आहे?"

झालं, म्हटलं. तिसरंही गेलं. मी मनातल्या मनात गाडी सुरू केली.

मुलाचा बाप भावजयीकडे पाहत होता, भावजय मुलीकडे. मुलीचे गाल पेटले होते, पण तिनं नजर खाली केली नाही. "माह्या बाबाच्या आतड्याले सूज आहे," ती म्हणाली. "त्यायले हे चालत नाही. माह्यासाठी पिऊन राह्यले ते. मले तसं लगन नाही पाहिजे."

कोपऱ्यातला मुलगा उठला. आपली वाटी उचलून आला आणि तिच्यासमोर ठेवली. म्हणाला, "माझीही काढ."

मोठी आई अजून पळी धरून उभी होती. तर्री थेंब-थेंब जमिनीवर गळत होती. तिनं एकदा पुतण्याकडे पाहिलं, एकदा सरांच्या घामाकडे, आणि मग खरंच विचार करून, बोटांवर वार मोजून म्हणाली, "भज्याचं गुरवारचं हाये बाई. खोटं काऊन बोलू. रश्श्याचं मात्र आजचं."

पहिले हसले ते मुलाचे वडील. मग मुलगा, मग मी, मग सगळं घर. मोठी आई हसली नाही. ती आत सुनेला म्हणाली, "इवायाची वाटी बदल गं. खालून वाढ."

इवाई. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. आलो तेव्हा आम्ही पाव्हणे होतो. काकूंनी पदर डोळ्याला लावला. आणि सरांनी, ज्यांना उभ्या आयुष्यात खालून वाढलेल्या रश्श्यासारखं सुख माहीत नव्हतं, ती वाटी दोन्ही हातांनी घेतली.

परतताना घाटात सर पोट धरून मागे टेकले होते, पण चेहऱ्यावर तेज होतं. काकूंना म्हणाले, "पाह्यलं? मी एक शब्द बोललो नाही."

"तुमी कायले बोलता," काकू म्हणाल्या. "खाण तशी माती."

मुलगी खिडकीबाहेर पाहत हसत होती. सरांनी तिचा हात धरला आणि गाव येईपर्यंत सोडला नाही.

पुढे व्हायचं ते झालंच. सर आडवे झाले, डॉक्टर घरी येऊन गेले, ताक-भातावर दिवस गेले. मी संध्याकाळी खाली जाऊन बसायचो. ते अशक्त आवाजात मला गुंड भाडेकरूंची हालहवाल सांगायचे. दोन वाट्यांनी चाळीत दंगल झाली होती म्हणे. पण त्या आजाराबद्दल एकदाही कुरकुर केली नाही. उलट कोणी भेटायला आलं की अभिमानानं सांगायचे, "इवायाच्या घरची तर्री आहे. साधी नाही."

जरा उठून बसायला लागले तेव्हा एका संध्याकाळी मुलगा भेटायला आला. मोठ्या आईनं भाकरी दिल्या होत्या आणि जवसाची ताजी चटणी. काकूंनी चहा ठेवला. मुलगा सरांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसला. सर त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात काकू कप घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या मागे मुलगी. मी सवयीनं खोकलो.

सरांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. पोराच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. "एक विचारू काय?" म्हणाले. "त्या दिवशी विचारायचं राहून गेलं."

"विचारा ना, बाबा," तो म्हणाला. बाबा म्हणाला, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"सकाळी पोट साफ होते काय?"

काकूंनी डोळे मिटले. मुलगा मान डोलावून अगदी गंभीरपणे म्हणाला, "होते, बाबा. गुरुवारचं तेल खाल्लं नाही तर होते."

सर उशीला टेकले. काकूंकडे वळून म्हणाले, "काढा मुहूर्त. आन त्या वरच्या भिंतीचं पाहून घ्या बा, पाव्हणे येतील लग्नाले."